नंबर देण्याआधी घराबद्दल दोन गोष्टी

“तुमच्या मॉर्गेज ब्रोकरचा नंबर द्याल का?” इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या आसपास घर शोधणारं कुणी ना कुणी मराठी माणूस मला महिन्या-दोन महिन्यांनी हे विचारतंच. ब्रोकर म्हणजे गृहकर्ज मिळवून देणारा मध्यस्थ. नंबर मी लगेच पाठवत नाही. का, ते तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर स्टॅमफर्डला आहे. १९६७ साली इंग्लंडमध्ये जुनी गावं जपण्यासाठी कॉन्झर्व्हेशन एरियाची तरतूद आली आणि तो पहिला मान या गावाला मिळाला. चुनखडीच्या दगडाची घरं, वर कॉलीवेस्टनच्या पाट्यांची छपरं. त्यांना स्लेट म्हणतात, पण तो चुनखडीचाच दगड. पूर्वी तो हिवाळ्यात ओला करून उघड्यावर ठेवायचे. आतलं पाणी गोठलं की दगडाचे थर आपोआप सुटायचे. माझं आजोळ वाईचं, त्यामुळे नदीकाठचं हे दगडी गाव पाहिलं आणि माझं ठरलं, घर घ्यायचं तर इथेच.

पहिल्या वेळी आम्ही एका मोठ्या ऑनलाइन ब्रोकरकडे गेलो. दहा मिनिटांत ‘ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल’, म्हणजे ‘तत्त्वतः एवढं कर्ज देऊ’ असा कागद, हातात आलं आणि कर्ज मिळाल्यासारखंच वाटलं. तो कागद तुमचा पगार, तुमची देणी आणि तुमचा क्रेडिट इतिहास पाहून निघतो. घर त्यात कुणी पाहिलेलंच नसतं. ते पाहायला पुढे बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, येतो. आमच्याकडे तो आला, आणि आठवडाभरात नकार आला. सर्व्हेचे पैसे गेले, दीड महिना गेला, आणि विकणाऱ्या आजी दुसरं गिऱ्हाईक बघू लागल्या.

नकाराचं कारण होतं फ्लाइंग फ्रीहोल्ड. फ्रीहोल्ड म्हणजे घराची जमिनीसकट कायमची मालकी, पण इथे घराचा एक भाग दुसऱ्याच्या जमिनीवर येतो. आमच्या वरच्या मजल्यावरची एक खोली शेजाऱ्यांच्या बोळावर येते. खोली आमची, खालची जमीन त्यांची. जुन्या गल्ल्यांमध्ये असं सर्रास असतं. पण खालच्यानं आपली भिंत नीट ठेवली नाही तर वरच्यानं काय करायचं? इंग्लंडच्या कायद्यात डागडुजीची अशी जबाबदारी फ्रीहोल्ड घराच्या पुढच्या मालकावर सहजासहजी बांधता येत नाही. म्हणून कर्ज देणारे बिचकतात. कुणी ठरावीक टक्क्यांपर्यंत चालवून घेतो, कुणी मुळीच नाही.

मग गावातल्याच एका ब्रोकर बाईंच्या छोट्या ऑफिसात गेलो. त्या बाईंनी पगार विचारलाच नाही. आधी म्हणाल्या, “टायटल प्लॅन आणलाय का? वरची कुठली खोली बाहेर जाते ते दाखवा.” टायटल प्लॅन म्हणजे मालकीची हद्द दाखवणारा नकाशा. मग छप्पर कशाचं आहे, घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, आहे तर कुठल्या ग्रेडचं, मागची खिडकी बदललेली दिसते त्याची परवानगी आहे का, असं सगळं. व्याजदराचा विषय अर्ध्या तासानं निघाला. ज्या बिल्डिंग सोसायटीकडे (इथे ही घरकर्ज देणारी, सभासदांच्या मालकीची संस्था असते) त्यांनी अर्ज नेला तिथे कागद संगणक नाही, माणूस वाचतो, आणि तिथला व्हॅल्युअर दगडी घरं पाहून सरावलेला होता.

खिडकीचा प्रश्न किरकोळ समजू नका. लिस्टेड इमारतीत परवानगीशिवाय केलेला बदल हा गुन्हा आहे. मागच्या मालकानं केलेला असला तरी तो पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते, आणि त्याला कालमर्यादा नाही. सिमेंटचंही तसंच. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरलं की ओल आतच कोंडते. घाण्यात दळलेल्या चुन्याचं कौतुक आजोबांकडून लहानपणी ऐकलं होतं, म्हणून सर्व्हेअरचं हे म्हणणं मला चटकन कळलं. साधा व्हॅल्युएशन रिपोर्ट बँकेसाठी असतो. तुमच्यासाठी आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेचा लेव्हल ३, म्हणजे सगळ्यात सविस्तर, सर्व्हे करून घ्या. जुन्या घराच्या बाबतीत हे पैसे वाचवू नका, अगदी कळकळीनं सांगते.

आता ब्रोकर शोधायचा कसा. एफसीए या आर्थिक नियामक संस्थेच्या रजिस्टरवर नाव आहे का ते पाहणं पहिलं. तो पूर्ण बाजार पाहतो की ठरावीक यादीतूनच देतो, हे विचारा. फी किती, कधी द्यायची आणि अर्ज फसला तरी द्यायची का, हेही. बहुतेकांना कर्ज देणाऱ्याकडून कमिशन मिळतं, काही जण वर तुमच्याकडूनही फी घेतात. इस्टेट एजंट स्वतःचा ब्रोकर पुढे करेल, पण तोच घ्यायची सक्ती तो करू शकत नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. लँड रजिस्ट्री या सरकारी जमीन-नोंदणी कार्यालयाकडून कुठल्याही नोंदलेल्या घराच्या टायटल रजिस्टरची, म्हणजे मालकीच्या नोंदीची, नक्कल थोड्या पौंडांत मिळते. त्या घरावर कर्ज असेल तर ते कुणाचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तुम्ही घेताय त्या घराची आणि शेजारच्या तशाच दोन घरांची नक्कल काढा. अशा घरांवर याआधी कुणी कर्ज दिलंय ते कळतं. ब्रोकरला ती नावं दाखवा आणि त्यांच्याकडे तुम्ही अर्ज नेता का, असं विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा शोधा.

आईवडील भारतातून पैसे देणार असतील तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. परदेशातून आलेली भेटरक्कम काही कर्जदाते घेतच नाहीत. घेतात त्यांना ही भेट आहे, परतफेड नको, घरात हिस्सा नको, असं सहीचं पत्र लागतं, शिवाय पैसा आला कुठून त्याचे कागद. आमच्या सॉलिसिटरनं बाबांच्या फ्लॅटविक्रीचं खरेदीखत मागितलं, ते मराठीत होतं, आणि भाषांतरात बारा दिवस गेले. भारतातून बाहेर पाठवायला माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे हेही लक्षात असू द्या.

नंबर द्यायला माझी काहीच हरकत नाही. पण तुमचं घर पीटरबरोच्या नव्या वसाहतीत असेल तर आमच्या बाई तुमच्या विशेष उपयोगाच्या नाहीत, कुठलाही चांगला ब्रोकर ते काम करेल. जुन्या गल्लीतलं असेल तर आधी टायटलची नक्कल काढा आणि मला फोन करा. रविवारी दुपारी मी घरीच असते.