मक्तावही, खेप सातवी: मोमिनने माझा नियम मोडला

मक्ता म्हणजे गझलेचा शेवटचा शेर, ज्यात शायर आपला तखल्लुस, म्हणजे टोपणनाव, गुंफतो; असे मक्ते उतरवून त्यांतल्या नावांचं वजन मी एका वहीत मोजतो. गेल्या खेपेत मी छातीठोकपणे एक नियम लिहिला होता. ज्या बहरमध्ये (म्हणजे वृत्तात) दोन गुरू शेजारी येत नाहीत, तिथे ‘गागा’ (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू) वजनाचा तखल्लुस बसणार नाही. उदाहरणाला बहर-ए-कामिल घेतली होती: ललगालगा, चार वेळा. तिथे सिराजसारखं लगाल नाव आरामात बसतं. गालिब, मोमिन, नासिख, आतिश यांना मात्र दार बंद, असं मी लिहिलं. तुमच्यापैकी दोघांनी त्यावर ‘पटलं’ असंही कळवलं.

रविवारी सकाळी तो नियम मोडला. आमच्या उर्दूच्या सरांना वही दाखवायला गेलो होतो. त्यांनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, “बेटा, ‘वो जो हम में तुम में क़रार था’ कोणत्या बहरमध्ये आहे?”

कामिलमध्येच आहे. गझल मोमिनची आहे. बेगम अख्तर यांच्या आवाजात आपण सगळ्यांनी ती ऐकली आहे. आणि तिला मक्ता आहे. सरांनी तो म्हणून दाखवला:

जिसे आप गिनते थे आश्ना जिसे आप कहते थे बा-वफ़ा
मैं वही हूँ मोमिन-ए-मुब्तला तुम्हें याद हो कि न याद हो

घरी येईपर्यंत बोटांवर तक्तीअ, म्हणजे ओळ गणांत तोडून मोजणं, चालली होती. मैं (ल) व (ल) ही (गा) हूँ (ल) मो (गा), पुढचा गण मि (ल) ने (ल) मुब (गा) त (ल) ला (गा). एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ‘मो’ एका गणाच्या शेवटी, ‘मिने’ दुसऱ्याच्या सुरुवातीला. मोमिनने स्वतःचं नाव गणांच्या सांध्यावर मधोमध दुमडलं आहे, आणि ऐकताना ते दुमडल्याचं जाणवतसुद्धा नाही.

ही किमया इजाफतची, म्हणजे दोन शब्दांना जोडणाऱ्या ‘ए’ची. ‘मोमिन’ एकटा असला की गागा. ‘मोमिन-ए’ म्हटलं की शेवटचा न मोकळा होतो, ‘मिन’ हा एक गुरू फुटून ‘मि’ आणि ‘ने’ असे दोन लघू होतात, आणि नावाचं वजन गालल होतं. (‘ने’ दीर्घही धरता येतो, मग गालगा. इजाफतला ती मुभा असतेच.) मी नावांची वजनं मांडली ती नावं सुटी धरून. शेरात नाव सुटं कुठे असतं? ते पुढच्या-मागच्या शब्दांना चिकटूनच येतं.

मग हा मक्ता माझ्या वहीत का नव्हता? जुनं पान काढलं तर होता! गेल्या वर्षी देवनागरीतल्या एका निवडक संग्रहातून उतरवलेला, आणि तिथे छापलं होतं ‘मैं वही हूँ मोमिन मुब्तला’. इजाफत गायब. मी पेन्सिलने शेजारी लिहिलं होतं, ‘तक्तीअ जुळत नाही, छपाईची चूक असावी’, आणि शेर मोजणीतून वगळला होता. चूक छपाईचीच होती, पण ती कुठे आहे हे न शोधता मी नियम बांधला, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हा आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: जुळत नसलेला शेर आधी.

देवनागरी संग्रहांबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. नुक्ता (अक्षराखालचं टिंब) गाळला तर उच्चार बिघडतो, पण वजन वाचतं. इजाफत गाळली की शेरच मोडतो. आपल्याकडे ‘दर्दे दिल’ असं लिहायची जुनी पद्धत आहे. तीही चालेल, निदान मात्रा कागदावर राहते. मला स्वतःला संयोगचिन्हाची पद्धत आवडते, कारण ‘मोमिन-ए-मुब्तला’मध्ये नाव कुठे संपतं ते डोळ्यांना दिसतं. ज्या संग्रहात दोन्ही नाही, तो तक्तीअसाठी घेऊ नका.

अर्थात उर्दू लिपीतही इजाफतची जेर (अक्षराखालची तिरकी रेघ) बहुतेक वेळा छापत नाहीत; वाचणाऱ्याने ती भरायची असते. हे सरांना म्हटलं तर ते म्हणाले, “मग बहर कशासाठी आहे?” आणि इथे माझा मोडलेला नियम उलटा फिरवून कामाला लागला. गागा नाव बसत नसेल तर तिथे इजाफत शोधा. जी खूण कागदावर नाही, ती वजन सांगतं.

लगेच दुसरा शेर सापडला. या आठवड्यातला माझा सगळ्यात मोठा आनंद तोच:

ग़ालिब-ए-ख़स्ता के बग़ैर कौन से काम बंद हैं
रोइए ज़ार ज़ार क्या कीजिए हाए हाए क्यूँ

गाललगा लगालगा, दोन वेळा. या बहरमध्ये दोन गुरू फक्त ओळीच्या मध्यावर शेजारी येतात, आणि तिथे यती (ओळीतला थांबा) आहे. नाव यतीवर तोडायचं म्हणजे गळाच दाबायचा. गालिब काय करतो? इजाफत. गा-लि-बे-खस: गाललगा. अख्खा पहिला गण नाव आणि त्याचं विशेषण मिळून भरून काढतात. दिल्लीतले दोन समकालीन, दोन वेगळ्या बहरी, युक्ती तीच.

एक गंमतही लक्षात आली. अशी इजाफत लागली की नाव विशेषण ओढून आणतं: मुब्तला, खस्ता. म्हणजे अडकलेला, भागलेला. मोमिनच्या बाबतीत तर नाव पुन्हा सामान्यनाम होतं, ‘संकटात सापडलेला श्रद्धावान’. या माणसाने आपल्या तखल्लुसातून जितका अर्थ काढला तितका क्वचितच कोणी काढला असेल. ‘उम्र सारी तो कटी इश्क़-ए-बुताँ में मोमिन, आख़िरी वक़्त में क्या ख़ाक मुसलमाँ होंगे’ हा मक्ता तुम्हाला पाठ असणारच. मूर्तींच्या प्रेमात आयुष्य गेलं, आणि नाव काय तर मोमिन. तिथे नाव ओळीच्या शेवटच्या गागामध्ये निवांत बसलं आहे, कुठे दुमडावं लागलेलं नाही.

आता असद आणि गालिब, एकाच शायराचे दोन तखल्लुस; कुठे कोणता आणि का, हे खातं तिसऱ्या खेपेपासून उघडं आहे. माझी पहिली मांडणी काळाची होती: आधी ‘असद’, मग दुसऱ्या एका असदशी गल्लत व्हायला लागली म्हणून ‘गालिब’. गल्लतीचा किस्सा खरा आहे. कोणीतरी ‘असद इस जफ़ा पर बुतों से वफ़ा की, मिरे शेर शाबाश रहमत ख़ुदा की’ या मक्त्याची गालिबपुढे तारीफ केली, तर हा शेर माझा असेल तर माझ्यावर लानत (धिक्कार), असं तो म्हणाला. (हा शेर ‘मना सज्जना’च्या चालीवर म्हणून बघा. लगागा चार वेळा, चोख भुजंगप्रयात.) पण नुसत्या काळाने कोडं सुटत नाही, कारण 1841 साली दिल्लीत छापलेल्या पहिल्या दीवानातही (त्याच्या कवितासंग्रहातही) दोन्ही नावं आहेत. मिर्झा असदुल्लाह खान हे मूळ नाव. असद म्हणजे सिंह, आणि ‘असदुल्लाह अल-गालिब’ हा हजरत अलींचा किताब. दोन्ही तखल्लुस एकाच किताबातून निघालेले, त्यामुळे ‘असद’ टाकून द्यायचं त्याला कारणही नव्हतं.

वजन मांडलं की चित्र स्वच्छ होतं. असद लगा, गालिब गागा. आपल्या वियद्गंगा वृत्तात, म्हणजे लगागागा चार वेळा, हे शेजारी ठेवा:

असद बिस्मिल है किस अंदाज़ का क़ातिल से कहता है
हुई मुद्दत कि ग़ालिब मर गया पर याद आता है

‘असद’ गणाच्या तोंडाशी, पहिल्याच लगामध्ये. ‘गालिब’ला पुढे एक लघू लागतो, म्हणून ‘कि गालिब मर’. सुरुवातीलाच नावाने हाक द्यायची असेल तर असद, मध्ये उल्लेख करायचा असेल तर गालिब. त्याने असं ठरवून केलं, असं माझं म्हणणं नाही. पण खिशात दोन वजनांची नावं असणं ही केवढी सोय आहे! ‘इश्क़ ने ग़ालिब निकम्मा कर दिया’ ही ओळ तर आपल्या मेनका वृत्तात: ‘गा’ पहिल्या गणाचं शेवटचं अक्षर, ‘लिब’ दुसऱ्याचं पहिलं.

गाल नावांवर फार वेळ घालवला नाही. मीर, दर्द, जौक, दाग, फैज. ओळीच्या शेवटी आली की त्यांचा शेवटचा ल हिशेबात धरत नाहीत, म्हणून ‘उर्दू है जिस का नाम हमीं जानते हैं दाग़’ इतकं सहज संपतं. त्यांचं खातं पुढच्या महिन्यात.

साधनांबद्दल. जाड पुठ्ठ्याची लांब खातेवही मी सोडणार नाही. संगणकावरचा तक्ता शोधायला बरा, पण तक्तीअ हातानेच होते. आपोआप वजन काढून देणाऱ्या एका साधनावर ‘मोमिन मुब्तला’ टाकून पाहिलं, त्याने ओळ बेवजन म्हणून परत केली आणि इजाफतचा विचारही सुचवला नाही. अर्थासाठी प्लॅट्सचा 1884 चा उर्दू-इंग्रजी कोश, आणि फारसी शब्द मराठीत कसा पडतो ते बघायला माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फारसी-मराठी कोश. आणि एक छोटा विजय: नावावर काढतात ती तखल्लुसाची खूण अखेर कळफलकावर बसवली. युनिकोडमध्ये तिला स्वतःची जागा आहे, क्रमांक 0614. उर्दूत मोठी-लहान अक्षरं नसतात, तेव्हा ‘मोमिन’ हे नाव की नुसता शब्द, हे सांगायला ती खूण. देवनागरीत ती येत नाही, म्हणून वहीत मी नावाखाली लाल रेघ ओढतो. मात्र ‘मोमिन-ए-मुब्तला’पाशी रेघ ओढताना हात थांबला, कारण तिथे ते दोन्ही आहे.

सिराजचं पान याच कारणाने पुन्हा लिहावं लागणार. आपला औरंगाबादचा सिराज, ‘ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़’वाला. त्याच्या मक्त्यात ‘दिल-ए-बे-नवा-ए-सिराज को’ आहे: दि-ले-बे-न-वा, ए-सि-रा-ज-को, दोन पूर्ण ललगालगा. तिथे इजाफत नावाच्या आधी आहे, म्हणून नावाचं वजन जसंच्या तसं राहतं. इश्काच्या आगीने त्या दिलाची राख केली असं तो म्हणतो, आणि सिराज म्हणजे दिवा. मी याला ‘सुटं नाव’ या रकान्यात टाकलं होतं. आता रकाने तीन: इजाफत आधी, इजाफत नंतर, वस्ल (म्हणजे शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जोडणं).

हे लिहिता लिहिताच एक सुचलं, आणि पुढच्या खेपेचा बेत बदलतो आहे. फारसी कवी हाफिजचं खातं उघडणार होतो, ते थांबवतो. आपल्या अभंगातली नाममुद्रा याच पद्धतीने मोजून बघायची आहे. तिथे वजन नाही, अक्षरसंख्या. सहा-सहा-सहा-चार. ‘तुका म्हणे’ चार अक्षरं, म्हणून पुढे दोन लागतात: ‘तुका म्हणे माझे’. ‘एका जनार्दनी’ मात्र मोजून सहा, पूर्ण चरण: ‘एका जनार्दनी भोग प्रारब्धाचा, हरिकृपे त्याचा नाश आहे’. नाथांनी स्वतःचं नाव आणि गुरूचं नाव मिळून चरण भरला आहे. आणि रूमी कित्येक गझलांच्या शेवटी स्वतःचं नाव न घालता शम्स तब्रेजीचं घालतो. नाव सांगायच्या जागी गुरूला बसवणं फारसीतही आहे, पैठणलाही आहे. याला वेगळी वही लागेल. आजच आणतो.

वस्लचा रकाना काल रात्रीपर्यंत रिकामा होता. झोपण्यापूर्वी दीवान सहज उघडला आणि हा शेर समोर आला. कितीतरी वेळा वाचलेला, पण मोजलेला कधीच नाही:

ग़ालिब अपना ये अक़ीदा है ब-क़ौल-ए-नासिख़
आप बे-बहरा है जो मोतक़िद-ए-मीर नहीं

पहिला गण गालगागा. ‘गालिब अपना’ तोडून म्हटलं तर चार गुरू होतात, बसत नाही. ब पुढच्या अ-ला जोडला की गा-लि-बप-ना. वस्ल! ओळीच्या शेवटी नासिख, साधा गागा, मोमिन बसला होता त्याच शेवटच्या जागी. दुसऱ्या ओळीत मीर, ‘मी’ एका गणाच्या अखेरीस आणि ‘र’ पुढच्या गणाच्या आरंभी. एका शेरात तीन शायरांचे तखल्लुस, तीन तऱ्हांनी बसवलेले. लाल रेघा तीन ओढल्या, दिवा मालवला, आणि सकाळी सरांना फोन केला.