झग्याचा काळा

जुलैतला शनिवार. पुण्यात सकाळपासून भुरभुर पाऊस, आणि स्टुडिओत स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘लॉस काप्रिचोस’ या छापचित्रांच्या संचातल्या 52व्या चित्राचा अभ्यास चाललेला. गुडघे टेकून, हात जोडून बसलेली बाई. समोर साधूचा झगा चढवलेलं नुसतं झाड. माणूस नाही, झगाच पुजला जातो, ही टीका. चित्राचं नावच ‘शिंपी काय करू शकतो!’ 1799 साली, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, असलेल्या स्पेनमध्ये, हे उघड विक्रीला ठेवणं ही छातीची गोष्ट होती.

विद्यार्थिनीच्या रेषा नेमक्या होत्या. पण पहिला ठसा निघाला आणि टीकाच नाहीशी! झगा सपाट काळा ठेवायचं ठरलं होतं. त्यावर पांढरट टकलं पडली, आणि ती खांद्या-छातीच्या उंचवट्यांसारखी दिसू लागली. झाडाच्या जागी खराच साधू उभा.

चूक राळेची. अॅक्वाटिंट या पद्धतीत तांब्याच्या प्लेटवर राळेची पूड भुरभुरून ती तापवून चिकटवतात; मग फेरिक क्लोराइडचं द्रावण कणांमधलं तांबं खातं आणि त्या खळग्यांत शाई धरते. दमट हवेत पुडीच्या गुठळ्या होतात, मलमलीच्या पुरचुंडीतून ती सारखी पडत नाही. त्यात प्लेट जास्त तापली. पांढरी पूड पारदर्शक झाली की त्याच क्षणी ज्योत बाजूला घ्यायची. उशीर झाला तर कण वितळून एकमेकांत मिसळतात आणि फेरिक क्लोराइडला तांब्यापर्यंत वाट उरत नाही. कमी तापवली तर उलटं: कण द्रावणात सुटतात, तांबं सरसकट खाल्लं जातं, शाई धरायला खळगे राहत नाहीत आणि काळ्याच्या जागी गुळगुळीत करडा येतो.

“सर, बर्निशरने, घासून गुळगुळीत करायच्या हत्याराने, सुधारेल?”

नाही. बर्निशर उजेड आणतो, काळोख नाही.

प्लेट स्पिरिटने पुसली, खडूची पूड आणि अमोनियाने घासली. पाणी न तुटता पसरलं, म्हणजे तेलकटपणा गेला. राळ ताजी कुटून घेतली. हवेतली पूड पूर्ण बसल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही, ती भडकते. बाईचा चेहरा आधीच वार्निशखाली झाकला. आकाशाला द्रावणात 30 सेकंद, मग तेही झाकलं. जमिनीला आणखी 1 मिनिट. झग्याला सगळी मिळून 8 मिनिटं.

तेवढ्या वेळात या संचाचं पुढे काय झालं ते सांगितलं. 80 चित्रांचे जेमतेम 27 संच खपले. 1803 साली गोयाने तांब्याच्या प्लेटा आणि उरलेले 240 संच राजाला देऊन टाकले, मुलाला पेन्शन मिळावी म्हणून.

दुसरा ठसा भिजवलेल्या कागदावर काढला. झगा सलग काळा, आत कुणीच नाही. फांद्यांची टोकं मात्र अजून बोटांसारखी वाटत होती. ती तिने ड्रायपॉइंटच्या, म्हणजे थेट तांब्यावर ओरखडायच्या, सुईने खरवडून टोकदार केली.