भीती वाटते का?

"एवढं सगळं होऊन पुन्हा सिंहगड? भीती नाही वाटत?" लग्नात, बँकेत, तळजाई टेकडीवर, भेटेल तो हेच विचारतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाटते.

हृदयाचं दुखणं आलं तेव्हा मला छातीत कळ आलीच नव्हती. दोन दिवस पाठीत, खांद्यांच्या मधोमध दुखत होतं, जबडा अवघडला होता. पित्त समजून मी ओवा चावत बसले. बायकांना हृदयाचं दुखणं पुष्कळदा असंच येतं, पाठ, जबडा, मळमळ, नुसता थकवा. हे मला हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसल्यावर कळलं. म्हणून आता ओळखीच्या प्रत्येक बाईला सांगते.

घरी आले तर जिन्याचीही धास्ती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण पाऊल उचलेना. मैत्रीण रोज सकाळी सहाला दारात हजर. ३५ वर्षं आम्ही दोघी सिंहगड चढलो, आणि ती कायम चार पावलं पुढे. सोसायटीतल्या त्या पहिल्या फेरीपासून ती माझ्या मागे चालायला लागली.

दोन महिन्यांनी पर्वतीची टेकडी. १०३ पायऱ्या, तीनदा बसून. पुढे ट्रेडमिलची तपासणी नीट आली, तेव्हा डॉक्टर गडाला हो म्हणाले, पण चढताना सलग बोलता आलं पाहिजे या अटीवर. माझ्या एका गोळीमुळे ठोके फारसे वाढतच नाहीत, त्यामुळे नाडी मोजून अंदाज येत नाही. दम किती लागतो, त्यावरच जायचं.

मैत्रिणीने त्यावर स्वतःची युक्ती काढली. गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून चढ लागला की मागून म्हणते, "हं, पुरण सांग." मी सुरू करते. हरभऱ्याची डाळ मऊ शिजवायची, कट काढायचा, मग गूळ... गुळापाशी शब्द तुटला की, "बस गं," आणि दगडावर रुमाल पसरते. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी तिच्या कुडत्याच्या खिशात असते. माझ्याही असते, पण तिला ती स्वतःजवळही हवी असते. एकदा करवंदीचा काटा लागला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, ओघळ थांबेना. दहा मिनिटं ती माझं मनगट घट्ट दाबून बसली होती, एक अक्षर न बोलता.

पहिल्या खेपेला आम्ही वाटेतल्या टॉवरपासूनच परतलो. मला रडू फुटलं. तिने समजूत घातली नाही, फक्त "पुढचा रविवार मोकळा ठेव" म्हणाली.

तिसऱ्या खेपेला वर पोहोचलो. पूर्वी तासाभरात व्हायचा तो चढ, या वेळी दोन तास चाळीस मिनिटं लागली. पुणे दरवाजा दिसला तेव्हा माझं पुरण घोटून, वाटून झालं होतं.

"जायफळ राहिलं," मी म्हटलं.

"मग घाल की," म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या पुढे गेली, दोन ताक सांगायला.