छंदनोंद: ठिपक्यांच्या आधीची उठावाची पुस्तकं

अंधांच्या इतिहासाचा नाद लागलेला प्रत्येक जण लुई ब्रेलपासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच रमतो. या खेपेला त्याला जरा बाजूला ठेवून मी त्याच्या ठिपक्यांच्या लिपीआधीच्या, बोटांनी वाचायच्या उठावदार अक्षरांच्या पुस्तकांच्या मागे लागलोय.

पॅरिसमध्ये व्हॅलेंतँ आवी यांनी १७८०च्या दशकात अंध मुलांची शाळा काढली. ओल्या जाड कागदावर नेहमीचीच रोमन अक्षरं दाबून उठवायची, ही त्यांची पद्धत. पुढे बोस्टनजवळच्या पर्किन्स शाळेत सॅम्युअल हाऊ यांनी कोनदार, कॅपिटल नसलेली अक्षरं आणली. त्यांना म्हणतात बोस्टन लाइन टाइप. पर्किन्सच्या संग्रहातलं बरंच काही ऑनलाइन आहे, त्यामुळे हे सगळं घरबसल्या चाललंय.

एक कामाची गोष्ट सांगतो. समोरून सरळ उजेड टाकून काढलेल्या फोटोत उठावाचं पान चक्क कोरं दिसतं. ते सोडून पुढे जाऊ नका. कॉन्ट्रास्ट वाढवा, सावल्या धरल्या की ओळी वर येतात. कडेने तिरपा उजेड टाकलेले फोटो मिळाले तर सोन्याहून पिवळं.

ही पानं दिसायला फार देखणी आहेत, आणि माझ्या मते तीच त्यांची गोची आहे. ती डोळ्यांना आवडतील अशी केलीत. बोटाला प्रत्येक अक्षराची कड चाचपत फिरावं लागतं. ब्रेलच्या एका अक्षराचं सहा ठिपक्यांचं घर मात्र बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावतं. शिवाय ही अक्षरं छापखान्यातूनच यायची, वाचणाऱ्याला स्वतः लिहिता येत नसत. वेगळी लिपी दिली तर अंध माणसं समाजापासून तुटतील, असं हाऊ यांचं म्हणणं. मला तो डोळस शिक्षकांच्या सोयीचा युक्तिवाद वाटतो.

ब्रेल शेवटी मागच्या दाराने आलाच! त्याने १८२९ मध्ये आपली पद्धत मांडली ते पुस्तक छापलंय उठावाच्या रोमन अक्षरांत. दुसरं साधन होतं कुठे? त्या पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर आडव्या रेघाही होत्या. १८३७ च्या आवृत्तीत त्या गेल्या.

इंग्लंडच्या विल्यम मून यांची १८४५ ची लिपी सध्या फक्त चाळून ठेवलीय. मोजके आकार फिरवून फिरवून वापरलेत, आणि एक ओळ डावीकडून तर पुढची उजवीकडून, म्हणजे बोट उचलायलाच नको. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ती सोपी जाई.

मला जास्त ओढ लागलीय ती ब्रेलच्याच १८३९ च्या दुसऱ्या युक्तीची. ठिपके जोडून डोळसांना वाचता येईल असं रोमन अक्षर काढायचं, म्हणजे अंध मुलाला घरी स्वतः पत्र लिहिता येईल. फुको नावाच्या त्याच्या अंध मित्राने पुढे त्यासाठी यंत्रच बनवलं. आलेखाच्या कागदावर दहा-दहा ठिपक्यांच्या उभ्या रांगा आखून मी त्यातली अक्षरं बसवून बघतोय. ‘ओ’ जमतो, ‘एस’ त्रास देतो.

यानंतर मुंबई. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये तिथे अंधांची शाळा सुरू केली. भारतीय भाषांसाठीची एकच भारती ब्रेल ठरली १९५१ मध्ये. त्याआधी देशात निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत. मिशनचे जुने अहवाल कुणाच्या पाहण्यात असतील तर कुठल्या ग्रंथालयात, तेवढं कळवा.