रिटरशोफेन आणि वेंडेनहाइम: भूऔष्णिक उष्णतेचे दोन अनुभव

उद्योगांच्या ऊर्जेची चर्चा बहुधा विजेपाशीच थांबते. प्रत्यक्षात वाळवणे, उकळणे, शिजवणे यांसाठी लागणारी उष्णता अनेक कारखान्यांत आजही वायू किंवा कोळसा जाळूनच मिळवली जाते. म्हणूनच फ्रान्सच्या अल्सास भागातील रिटरशोफेनच्या भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालची उष्णता वापरणाऱ्या, प्रकल्पाचे मला विशेष कुतूहल आहे. तेथे अडीच किलोमीटरहून खोल विहिरीतून १६० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाचे खारे पाणी वर येते, हीट एक्स्चेंजरमध्ये आपली उष्णता गोड्या पाण्याला देते आणि दुसऱ्या विहिरीतून पुन्हा खडकात सोडले जाते. तापलेले गोडे पाणी १५ किलोमीटरच्या नळातून बाइनहाइमच्या स्टार्च कारखान्यात पोहोचते. २०१६ साली सुरू झालेला हा २४ मेगावॉटचा प्रकल्प कारखान्याच्या उष्णतेच्या गरजेचा साधारण चौथा हिस्सा भागवतो.

त्याच अल्सासमध्ये, स्ट्रासबुर्गच्या उत्तरेला वेंडेनहाइम येथे, अशाच उष्णतेसाठी पाच किलोमीटरहून खोल विहिरी खणल्या गेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये भूकंपाचे धक्के जाणवले, तेव्हा विहिरी खणणाऱ्या कंपनीने आपल्या कामाशी त्यांचा संबंध नाकारला. डिसेंबर २०२० मध्ये ३.५ रिश्टरच्या आसपासचा धक्का बसल्यावर प्रशासनाने काम थांबवले; तरी जून २०२१ मध्ये आणखी मोठा धक्का बसला, कारण विहिरीतून सोडलेल्या पाण्याचा खडकात शिरलेला दाब पंप बंद केल्याने लगेच ओसरत नाही. परिसरातले इतर प्रकल्पही स्थगित झाले, त्यांत रिटरशोफेनचा अनुभव असलेल्या मंडळींचा प्रकल्पही होता.

भिंतींना तडे गेलेल्या माणसाला ‘जनजागृती’चे पत्रक देणे मला उद्धटपणाचे वाटते. त्याची भीती अज्ञानातून आलेली नसते. कोयनेचा १९६७ चा भूकंप धरणात साठवलेल्या पाण्यामुळे झाला का, हा वाद ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. माझ्या मते वेंडेनहाइममध्ये धक्क्याइतकेच नुकसान पहिल्या नकाराने केले, कारण त्यानंतर कंपनीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवेना.

कारखान्यासाठी उष्णता काढताना एक अडचण अधिकची असते: विहीर एका गावात आणि लाभ दुसरीकडे. भूकंपमापकांच्या नोंदी रोज खुल्या ठेवणे, किती तीव्रतेला काम थांबेल हे खोदाईपूर्वीच जाहीर करणे आणि घरांची नुकसानभरपाई आधीच विम्याने बांधून देणे, एवढे तरी त्या गावाला लेखी मिळाले पाहिजे. शक्य असेल तेथे नळाच्या वाटेवरच्या घरांना थोडी उष्णता हिवाळ्यात द्यावी, उन्हाळ्यात तिच्यावर शीतयंत्रेही चालवता येतात.