पुड्यावर लॅटिन नाव कशाला?

"सोयाबीनच्या जिवाणू खताला 'बळीराजा'सारखं सोपं नाव का नाही दिलं? ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम कुणाला म्हणता येणार?" औसा-रेणापूरकडून येणारं गिऱ्हाईक हमखास हे विचारतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

तशा गोड नावांनी दुकानाच्या फळ्या भरल्यात. त्यातून आत काय आहे ते कळत नाही, आणि जिवाणूच्या बाबतीत नेमकं तेच कळायला पाहिजे. हरभऱ्याला लागतो मेसोरायझोबियम सायसेरी. तो सोयाबीनच्या बियाण्याला चोळला तर त्याच्यामुळं मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत. पैसे गेले आणि पेरणीची वेळही गेली. तूर, मूग आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांना चालणारे जिवाणू रानात असतात. सोयाबीन त्या मानानं कालचं पीक. ज्या रानात ते पहिल्यांदा पेरायचं, तिथं त्याचा जिवाणू आपणच द्यायचा.

(जुन्या पुस्तकात रायझोबियम जॅपोनिकम दिसेल. १९८२ मध्ये नाव बदललं, जिवाणू तोच.)

म्हणता येत नाही, हे तर मला अजिबात पटत नाही. इमिडाक्लोप्रिड, क्लोरँट्रानिलीप्रोल ही कीटकनाशकांची नावं आपली माणसं चिठ्ठी न बघता सांगतात. आता माझ्याकडं लोक "ब्रॅडीचा पुडा द्या" म्हणतात. ते ऐकून फार बरं वाटतं, कारण ते उद्या दुसऱ्या दुकानात गेले तरी नेमकं तेच मागतील.

आणि खरं-खोटं रानातच बघा. पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी दोन-चार झाडं काढा. उपटू नका, काळ्या चिकट रानात गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्यानं ढेकळासकट उचला, बादलीत बुडवून माती सुटू द्या. मग गाठ नखानं चिरा. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती हवेतलं नत्र झाडाला देतेय. पांढरी निघाली तर अजून कामाला लागलेली नाही. हिरवट असेल तर तिचं काम संपलं.

पुडा घेताना नावाखालचं बारीक अक्षरही वाचा. भुकटीच्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा नियम आहे. वापरायची शेवटची तारीख बघा. आणि पुडा उन्हात ठेवलेला दिसला तर घेऊ नका, माझा असला तरी.