ला मानो म्हणजे फणी

"ला मानो! ला मानो!" पाहुणे ओरडले आणि मी घाईघाईत त्यांच्यामागून ओरडले, "हात! हात सांभाळा गं!" हौदापाशी सुऱ्या घेऊन उभ्या असलेल्या आठही जणींनी झटकन हात वर केले. एकीची सुरी पाण्यात पडली. "माय वं, कोणाचा कापला?" म्हणत एक जण पट्टी आणायला धावली. पाहुणे मात्र आमच्या हातांकडे बघतच नव्हते. ते पाण्याकडे बोट दाखवत होते.

पाहुणे इक्वेडोरचे, मचालाचे. जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करणारा देश इक्वेडोर, आणि मचालाची माणसं आपल्या गावाला केळीची राजधानी म्हणतात. सावद्याजवळच्या आमच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे केळी धुऊन पेट्यांत भरतात तिथे, ते दोन दिवस बायकांना काम दाखवणार होते. पुण्याहून येणारे दुभाषी आजारी पडल्याचा फोन सकाळी सातला आला. माझ्या अर्जात 'स्पॅनिश' लिहिलेलं साहेबांना आठवलं, म्हणून मी पाहुण्यांच्या शेजारी उभी होते. वर्ग सुटून सात-आठ वर्षं झाली होती.

पट्टी घेऊन ती परत आली आणि मला एकदम स्पॅनिश शिकवणाऱ्या बाई दिसल्या.

बाई जळगावात, मेहरूण तलावाच्या बाजूला, वडिलांच्या घराच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायच्या. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वर्षी मी तिथे जाऊ लागले. लालभडक साडी, अंबाड्यात खोचलेलं तसंच लाल फूल, हातात काळा स्पॅनिश पंखा. मे महिन्यात लाईट गेली की त्याच पंख्याने पहिल्या रांगेला वारा घालत क्रियापदं म्हणून घ्यायच्या. स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह असतं. ते वाचताना आधी भुवई चढली पाहिजे, मग शब्द, हा बाईंचा नियम. ज्याची भुवई चढली नाही त्याने पुन्हा वाचायचं.

बाई मूळच्या धुळ्याकडच्या, घरात अहिराणी. पहिल्याच दिवशी फळ्यावर 'शे', म्हणजे 'आहे', लिहून म्हणाल्या, "हाई मनी माय शे. आता हे 'शे' उलटं फिरवा. एस! झालं की स्पॅनिश." पुढे त्यांनी जे सांगितलं त्यावर माझी सगळी भीती गेली. "इंग्रजी बाहेर चपलांपाशी ठेवून या. मराठीत 'मी केळं आवडतो' म्हणता का? मला केळं आवडतं. मे गुस्ता. मला केळी आवडतात. मे गुस्तान. आवडणारी वस्तू वाक्याची मालकीण, आपण नुसते 'मला'." इंग्रजीच्या तासाला कायम मागे बसणारी मी, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही भाषा माझ्यासारख्यांनाच सोपी आहे.

आणि लिंगं शिकवताना त्या खुर्चीवर चढल्या होत्या. 'ओ'ने संपणारे शब्द बहुतेक पुल्लिंगी, ते आम्ही पाठ केले होते. बाईंनी पंजा छताकडे केला. "पण हा नाही! ला मानो! ती! ती हात!" आमच्याकडून पंधरा वेळा पंजे वर करून म्हणून घेतलं, शेजारच्या काकू खिडकीत येईपर्यंत. "आपल्यात हात तो, त्यांच्यात ती. ध्यानात राहत नसेल तर फणी आठवा. फणी ती ना? केळ्याच्या फणीलाही ते मानोच म्हणतात आणि एकेका केळ्याला देदो, बोट."

फणी!

मी पाण्यात पाहिलं. फण्या एकीवर एक टाकल्या जात होत्या. वरच्या फणीचा ताजा कापलेला देठ खालच्या केळ्यांवर घासत होता. हिरव्या सालीवर असा ओरखडा नीट दिसत नाही, केळं पिकलं की काळा उमटतो. तोवर पेटी हजारो मैल पुढे गेलेली असते. "हात नाही, फणी! फणी अलगद सोडा, एकीवर दुसरी नको," मी म्हणाले. पाहुण्यांनी एक फणी दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळासारखी पाण्यात सोडून दाखवली. बायकांना त्यानंतर माझी फारशी गरज पडली नाही.

दुपारी एका घडापाशी ते थांबले. "एस्ता वेर्दे." शेजारचा मुलगा खुश झाला, हिरवं ओळखलं म्हणून. पण 'एस वेर्दे' असतं तर रंग हिरवा. 'एस्ता' म्हणजे आत्ताची अवस्था, म्हणजे अजून कोवळं. केळ्याच्या कडा खरंच धारदार होत्या, गर भरलेला नव्हता. तो माल बाजूला काढला. 'एस' आणि 'एस्ता'च्या मध्ये बाईंनी आम्हाला अख्खा पावसाळा बसवून ठेवलं होतं.

जेवताना मी म्हणाले, मला प्लातानो आवडतात. पाहुण्यांनी मान हलवली. त्यांच्याकडे प्लातानो म्हणजे भाजीचं, शिजवायचं केळं. खायचं गोड केळं ते गिनेओ. मग विचारलं, तुम्ही बोलताना हात असे वर का नेता, कोणी शिकवलं? मी सांगायला लागले आणि घास तसाच राहिला. बाई दिवाळीच्या आधी गेल्या होत्या.

बाईंची एक जाड वही होती. विद्यार्थ्याने त्यांना माहीत नसलेला शब्द आणला की त्या टाळ्यांचा ठेका धरायच्या, शब्द वहीत उतरवायच्या आणि खाली त्याचं नाव घालायच्या. माझं नाव त्यात कधीच आलं नव्हतं. गिनेओ बाईंनी आम्हाला शिकवला नव्हता.

रविवारी मेहरूणला गेले. बाईंच्या भावाने वही काढून दिली. मी मागून पहिल्या पानापर्यंत सगळी चाळली, तो शब्द नव्हता. शेवटच्या नोंदीखाली लिहिला, तारीख घातली, नाव घातलं.

"काय अर्थ याचा?" त्यांनी विचारलं.

"केळं."

"एवढंच?"

मी चपला काढून परत आत बसले आणि हौदापासून सगळं सांगायला लागले.